पिस्तुलाच्या वजनाचा बेडूक

सगळं सुरू झालं ते एका खिशापासून.

शनिवारी सकाळी आजोबांनी आपली रविवारची पँट आणून आजीच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "ओपल, हिचा उजवा खिसा जरा खोल करून दे."

"कशाला?"

"असंच."

आजोबांचं "असंच" आमच्या घरात सगळे ओळखून आहेत. मागे एकदा ते "असंच" म्हणून गुरांच्या लिलावाला गेले होते आणि येताना गाढव घेऊन आले होते. (गाढव अजून आहे. मी कॉलेज संपवून परत आल्यापासून त्याला खायला घालायचं काम माझ्याकडे आहे, कारण घरात बिनकामाची मीच. तसं गाढवही बिनकामाचं आहे, पण त्याला कुणी बोलून दाखवत नाही.) तेव्हा मी कॉफीचा कप खाली ठेवला.

"आजोबा, खिशात काय ठेवायचंय?"

"हात."

"का, लांब झालाय का तुमचा हात?"

"लेनी, मोठ्यांशी असं बोलतात?"

"मोठे असं वागतात?"

आजीने पँट उचलून खिडकीच्या उजेडात धरली. "हॉयट, खरं काय ते सांग. नाहीतर आहे तो खिसाही शिवून टाकीन."

आजोबांनी मक्याच्या पावाचा तुकडा बराच वेळ कुस्करला. मग छाती थोडी पुढे काढून म्हणाले, "वेंडेलने मला पथकात घेतलंय."

आर्कान्साच्या आमच्या डोंगराळ भागात प्रत्येक चर्चला एक सुरक्षा पथक असतं. मेपल फोर्कमधल्या आमच्या चर्चच्या पथकात चार म्हातारे आहेत. चौघांची वयं एकत्र केली तर अमेरिका देश त्यांच्यापुढे रांगतं बाळ ठरेल. वेंडेल टिपटन त्यांचा प्रमुख. जन्मभर त्याने शाळेची बस चालवली, आणि आता शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून तो प्रत्येक नव्या माणसाकडे असा बघतो, की हा बसमध्ये च्युइंगम चिकटवणाऱ्यांपैकीच आहे.

"बरं मग?" आजी म्हणाली.

"मग काय! त्या चौघांकडे खिशातलं पिस्तूल आहे. माझ्याकडे नाही."

बंदुका आजोबांकडे आहेत. खारींसाठी एक आहे, कोंबड्यांवर टपलेल्या कोल्ह्यासाठी एक आहे. पण त्या लांब. लांब बंदूक घेऊन बाकावर बसलं तर मागे बसणाऱ्या ओफेलियाबाईंना पास्टर दिसत नाहीत, आणि पास्टर दिसले नाहीत की ओफेलियाबाई "काय म्हणाले? काय म्हणाले?" असं विचारत सगळं प्रवचन दोनदा करायला लावतात.

"मर्ल पिकेटच्या दुकानात एक आलंय," आजोबा पुढे सरकून हळूच म्हणाले. "सेकंडहँड. अगदी स्वस्त. एवढंसं आहे, साबणाच्या वडीएवढं."

"साबणाची वडी तुमच्या हातून रोज निसटते," मी म्हणाले.

इथे सांगायला हवं, की मी कॉलेजात जोखीम व्यवस्थापन शिकले. म्हणजे काय काय बिघडू शकतं ते बिघडायच्या आधी ओळखायचं आणि ज्याचं बिघडणार त्याला ते पटवून द्यायचं. (पहिला भाग मला उत्तम जमतो.) त्यामुळे मी आजोबांचा इतिहास मांडायला घेतला. त्यांच्या कानाचं यंत्र टर्कींच्या दाण्यात सापडलं होतं. चष्मा फ्रीजमध्ये, गोठवलेल्या भेंडीखाली. पिकअप चोरीला गेली म्हणून त्यांनी शेरीफला बोलावलं, तेव्हा ती न्हाव्याच्या दुकानामागे उभी होती, त्यांनीच लावलेली, इंजिन चालू.

"मी काही हरवत नाही," आजोबा म्हणाले. "वस्तू हलतात."

"आणि तुमचं ते पथक! वसंतात चर्चमध्ये वटवाघूळ शिरलं, आठवतंय? चौघांनी खिशात हात घातला. एकाच्या हाती चष्म्याचं घर आलं. एकाच्या हाती पेपरमिंटच्या गोळ्या. वेंडेलकाकांनी तर टीव्हीचा रिमोट बाहेर काढला आणि वटवाघळावर रोखला!"

"चौथ्याचं पिस्तूल होतं."

"अस्तरात अडकलं होतं! शेवटी आजीने दानाच्या ताटाने वटवाघूळ बाहेर घालवलं."

"ताट जड होतं," आजी म्हणाली. "त्या रविवारी बरं दान आलं होतं."

मला वाटलं, संपला वाद. पण आजोबा पावाचा चुरा बोटाने गोळा करत म्हणाले, "गुरं विकल्यापासून मला कुणी 'हॉयट, जरा इकडे ये रे' म्हणून हाक मारलेली नाही. वेंडेलने मारली."

आजीने माझ्याकडे बघितलं, मी आजीकडे. "बघायला काय जातंय," आजी म्हणाली. आम्ही तिघं मर्लच्या दुकानात गेलो.

मर्ल पिकेटचं दुकान गहाणवटीचं आहे. भिंतीवर गिटारी, जमिनीवर लाकूड कापायची यंत्रं, काचेखाली मोडलेल्या लग्नांच्या अंगठ्या. अंगठ्यांच्या शेजारीच ते पिस्तूल बसलं होतं. खरोखरच साबणाच्या वडीएवढं. मर्लने ते उघडून रिकामं असल्याचं स्वतः बघितलं, आम्हाला दाखवलं आणि आजोबांच्या हातात दिलं. आजोबांचे हात फावड्यासारखे. पिस्तूल त्यात दिसेनासंच झालं. करंगळीला धरायला जागा नव्हती आणि चापाच्या कडीत बोट शिरताना आजोबांना जीभ बाहेर काढावी लागली.

"किती मालक झालेत याला?" मी विचारलं.

"चार," मर्ल म्हणाला. "चारही सज्जन माणसं."

"मग सज्जनांनी ते का विकलं?"

"उडवल्यावर हाताला झिणझिण्या येतात. खिशात ठेवलं तर टोचतं. घरी ठेवलं तर नेमकं कुठे ठेवलं ते आठवत नाही." मर्लने खांदे उडवले. "पण चालतं बरं का! गंज नाही, काही नाही. वापरतच नाही ना कुणी."

"मर्ल, मला आवडलंय," आजोबा म्हणाले.

माझं डोकं सटकलं. पण ज्या माणसाला गाढव आवडलं होतं त्याच्याशी आवडीनिवडीवर वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी म्हणाले, "आजोबा, एक करा. आठवडाभर त्याच वजनाची दुसरी एखादी वस्तू खिशात बाळगून दाखवा. उठल्यापासून झोपेपर्यंत अंगावर. अंगावर नसेल तेव्हा कपाटावरच्या पेटीत, कुलूप लावून. एकदा जरी ती वस्तू तिसऱ्या ठिकाणी सापडली, तर पिस्तूल रद्द. नाही सापडली, तर पुढच्या शनिवारी मी स्वतः तुम्हाला इथे घेऊन येईन."

"आणि तोंड बंद ठेवशील?"

"तोंड बंद ठेवीन."

"हे मला बघायचंय," आजी म्हणाली, आणि तिने पर्समधून लोखंडी बेडूक काढला.

(आजीच्या पर्समध्ये लोखंडी बेडूक का होता, हे विचारू नका. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून तो एरवी दाराशी ठेवलेला असतो. त्याचा पाय सैल झाला होता, आणि मर्लकडून तो बसवून घ्यायचा म्हणून तिने आणला होता. "बघायला काय जातंय" म्हणणारी माणसं कधीच नुसती बघायला जात नाहीत.)

मर्लने सोनं तोलायच्या काट्यावर पिस्तूल ठेवलं, मग बेडूक. बेडूक किंचित जड निघाला.

"बेडकात गोळ्या भरलेल्या आहेत असं समजू," मर्ल म्हणाला. त्याने पिस्तूल आजोबांच्या नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवलं. परीक्षक म्हणून आजीची नेमणूक झाली.

माझा अंदाज होता, बेडूक सोमवारपर्यंत टिकेल. मनातल्या मनात मी त्याचा निरोप समारंभही केला होता.

पण आजोबांनी मला तोंडघशी पाडलं. सकाळी उठले की आधी बेडूक, मग दात. झोपताना पेटी, कुलूप, आणि कुलपाला दोन झटके. जेवताना डाव्या हाताने चमचा आणि उजव्या हाताने खिसा. वजनाने पँट उजवीकडून खाली येई, म्हणून त्यांनी खांद्यांवरून पट्टे लावले. ते एका बाजूला कललेले चालत, जहाज चालावं तसे, पण बेडूक जागचा हलत नव्हता. इतकी वर्षं त्यांच्या वस्तू आपोआप हलत होत्या, जागच्या जागी राहिलेली ही पहिलीच.

फक्त एक घोटाळा होता. ते बेडूक सगळ्यांना दाखवत होते. न्हाव्याला दाखवला, पेंडीच्या दुकानात दाखवला, बँकेत खिडकीवरच्या मुलीला दाखवला.

"आजोबा, लपवून बाळगायची वस्तू आहे ती!"

"लोकांनी विचारलं तर काय खोटं बोलू?"

"कुणी विचारलं?"

"मी सांगितल्यावर सगळ्यांनीच विचारलं."

बुधवारी प्रार्थनेला गेलो तेव्हा सगळ्या गावाला बेडूक ठाऊक झालेला होता. पास्टरांनी हात मिळवताना "कसा आहे तो?" म्हणून विचारलं, आणि आजोबांनी "झोपलाय" असं उत्तर दिलं. वेंडेलकाकांना मात्र हे पसंत नव्हतं. "हॉयट, पथकातला माणूस असा सारखा खिसा थोपटत नाही. आम्ही बघ, थोपटतो का?"

"तुमच्या खिशात असतं कुठे!" आजोबा म्हणाले, आणि इतके मोठ्याने हसले की ओफेलियाबाईंनी "काय म्हणाले?" विचारलं. किती दिवसांनी ते असे हसत होते! ते बघून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण शनिवार जवळ येत होता आणि मी हरत होते, त्यामुळे तो आनंद मी फार वाढू दिला नाही.

गुरुवारी सकाळी आजोबांनी खुराडं साफ केलं. खुराड्यातले कपडे घालून घरात यायला आजीची सक्त मनाई आहे, म्हणून मागच्या ओट्यावर एक खिळा आहे. आजोबांनी पँट खिळ्याला टांगली आणि टॉवेल गुंडाळून आंघोळीला गेले. मी गाढवाला खायला घालून परत येत होते. पँट बघितली. उजवी बाजू लोंबत होती.

मी खिशात हात घातला. बेडूक!

खिळा म्हणजे अंग नव्हे आणि खिळा म्हणजे पेटीही नव्हे. तिसरं ठिकाण! पुरावा म्हणून मी बेडूक उचलला आणि स्वयंपाकघरात टांगलेल्या माझ्या पर्समध्ये टाकला. ठरवलं, आजोबा आंघोळीहून आले की शांतपणे विचारायचं, "बेडूक कुठे आहे हो?" आणि त्यांचा चेहरा बघायचा. वाक्याचा सूर मी दोनतीन वेळा घोळवूनही पाहिला. जरा दुःखाची छटा असावी असं वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कचेरीतून. जोखीम अधिकाऱ्याच्या जागेसाठी मी अर्ज केला होता आणि त्यावर इतके आठवडे कुणी काही बोललं नव्हतं. बाई म्हणाल्या, आज मुलाखती आहेत, एक उमेदवार आलाच नाही, तुम्ही लगेच येऊ शकाल का? मी "हो" म्हणाले, ब्लाउज बदलला, एका पायात बूट आणि दुसरा हातात घेऊन गाडीत बसले, आणि सगळा रस्ता "तुमचा सर्वांत मोठा गुण कोणता?" याचं उत्तर पाठ करत गेले. उत्तर होतं, "मी बारीकसारीक गोष्टी विसरत नाही."

मुलाखती कोर्टाच्या इमारतीत होत्या. दारात तपासणीचं यंत्र आणि यंत्रामागे शेरीफचा डेप्युटी हॉलिस. हॉलिस माझ्या वर्गात होता. तेव्हाही तो दुसऱ्यांची दप्तरं तपासायचा, पण फुकट.

मी पर्स पट्ट्यावर ठेवली आणि पलीकडे जाऊन केस नीट करू लागले. पट्टा थांबला. हॉलिसने पडद्याकडे बघितलं. मग पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघितलं.

लोखंडी बेडूक आडवा पडला की यंत्राच्या पडद्यावर कसा दिसतो, हे तुम्ही कधी पाहिलं नसेल. मीही पाहिलं नव्हतं. डोकं पुढे, आखूड, चौकोनी. पाय खाली दुमडलेले, मुठीसारखे. आणि पोटाखाली एक गोल फट, बरोबर बोट शिरेल एवढी.

"लेनी," हॉलिस एकदम सरकारी आवाजात म्हणाला, "हात वर कर."

"हॉलिस, मला उशीर होतोय."

"हात वर कर म्हणतो ना!"

मी हात वर केले. कुठेतरी घंटा वाजायला लागली. दारं बंद झाली. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी घटस्फोट चालू होता, तो थांबला. जिन्याच्या कठड्यावरून नवरा, बायको, दोघांचे वकील आणि काळा झगा घातलेल्या न्यायाधीशबाई, सगळे एका ओळीत खाली वाकून बघू लागले. (त्या दिवसात नवरा-बायकोचं एकमत झालेली तेवढीच एक गोष्ट असावी. "पोरगी साधी दिसते," असं दोघं म्हणत होते.) आणि उजव्या हाताचं एक दार उघडून तीन माणसं बाहेर आली. पुढच्या बाईंच्या हातात माझा अर्ज होता.

हॉलिसने हातमोजे चढवले, पर्समध्ये दोन बोटं घातली आणि जग उलथणार असल्यासारखा चेहरा करून ती वस्तू बाहेर काढली.

बेडूक त्याच्याकडे बघत होता.

"अरेच्चा," हॉलिस म्हणाला. "हा तर हॉयटकाकांचा!"

वरून कुणीतरी फिसकन हसलं. मला वाटतं, न्यायाधीशबाई.

"हसू नका!" मी हात वर ठेवूनच ओरडले. "हा एक प्रयोग आहे! माणूस खिशातली वस्तू किती दिवसांत विसरतो, याचा!"

"किती दिवसांत विसरतो?" अर्जवाल्या बाईंनी विचारलं. त्यांचं नाव थेल्मा याउंट. चेहऱ्यावर हसू नव्हतं, वहीवर पेन मात्र टेकलेलं होतं.

"आजोबा? अजून विसरलेले नाहीत."

"आणि तू?"

"मी..." मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "गाडीत बसेपर्यंत."

मुलाखत तिथेच दारात झाली. गुण कोणता, हे त्यांनी विचारलंच नाही.

मी निघाले तेव्हा हॉलिसने बेडूक माझ्या हातात ठेवला आणि पहिल्यांदाच साध्या आवाजात म्हणाला, "लेनी, बेडूक निघाला म्हणून हसतोय हं. पिस्तूल असतं तर तू आज जेवायला घरी गेली नसतीस. महिन्याला एखादा तरी असा येतो. सगळे हेच म्हणतात, 'अरे, पर्समध्ये आहे हे लक्षातच नव्हतं.'"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी तर दोन्ही दाखवले होते, वर करून.

घरी पोचले तर अंगणात पिकअप गाड्यांची रांग. वेंडेलकाका गवतात गुडघ्यांवर रांगत होते. त्यांच्यामागे पथकातला दुसरा, त्याच्यामागे तिसरा. चौथ्याला रांगणं जमत नाही, म्हणून तो उभ्याउभ्या काठीने गवत बाजूला करत होता. आजोबा अंगात आंघोळीनंतरचा झगा आणि पायात रबरी बूट घालून शेजाऱ्यांच्या कुंपणापाशी वाकले होते. पलीकडे शेजाऱ्यांची चिल्लीपिल्ली ट्रॅम्पोलिनच्या जाळीवर उड्या मारत होती. आजोबांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"लेनी," ते म्हणाले, "हरवला गं."

मी ज्या चेहऱ्याची वाट बघत होते, तो हाच. तयार केलेलं वाक्य मला आठवेना.

"पँट खिळ्याला टांगली होती. आंघोळ करून आलो तर खिसा रिकामा. वाटलं खुराड्यात पडला. खुराडं पालथं घातलं. मग गोठा." त्यांनी बाहीने कपाळ पुसलं. "बेडूक शोधताना काही वाटलं नाही. मग या पोरांचा आवाज आला आणि मनात आलं, बेडकाच्या जागी ते असतं तर? त्यातल्या एखाद्याच्या हाती लागलं असतं तर? वेंडेलला बोलावलं. नको मला ते पिस्तूल. तू जिंकलीस."

मी जिंकले होते. आठवडाभर जे हवं होतं ते अंगणात, सगळ्या पथकासमोर, माझ्या पदरात पडलं होतं. मी पर्स उघडली आणि बेडूक पायरीवर ठेवला.

वेंडेलकाका रांगत रांगतच पायरीपर्यंत आले. "कुठे सापडला?"

"कोर्टात," ओट्यावरून आजी म्हणाली. ती झोपाळ्यावर बसून भेंडी चिरत होती. "हिच्या पर्समध्ये. घंटा वाजली, घटस्फोट थांबला. हॉलिस ओफेलियाचा भाचा लागतो. मला केव्हाच फोन आला."

"आजी! तुला माहीत होतं आणि तू यांना रांगू दिलंस?"

"मी मघाशी सांगणारच होते. पण तेवढ्यात वेंडेल गुडघ्यांवर बसला. म्हटलं, डॉक्टरने त्याला व्यायाम सांगितलाय."

आजोबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बेडकाकडे. "खिशातून तू काढलास?"

"पुरावा म्हणून."

"आणि पुरावा घेऊन कोर्टात गेलीस."

"विसरून!"

आजोबांच्या चेहऱ्याला हळूहळू रंग आला. आधी रागाचा. मग ओठ थरथरले, मग खांदे, आणि मग ते कुंपण धरून इतके हसले की झग्याचा पट्टा सुटला आणि आजीला भेंडी टाकून "हॉयट! पोरं बघताहेत!" म्हणत धावावं लागलं.

वेंडेलकाकांनी गुडघे झटकले. "आजकालची पोरं," ते म्हणाले. "शिकलेली असून डोकं जाग्यावर नाही. आमच्या पथकात असला हलगर्जीपणा..."

"वेंडेल," आजी पट्टा बांधत म्हणाली, "तुझं कुठे आहे आत्ता?"

चौघांचे हात चार खिशांकडे गेले. एकाच्या हाती चष्म्याचं घर. एकाच्या हाती पेपरमिंट. चौथ्याचा हात अस्तरात अडकला तो अडकलाच.

"माझं गाडीत आहे," वेंडेलकाका म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी गाड्यांकडे बघितलं.

"या नाही, दुसऱ्या गाडीत."

"ती कुठे आहे?"

वेंडेलकाकांनी टोपी काढून परत घातली. "बायको नातवंडांना शाळेतून आणायला गेलीय त्या गाडीतून," असं म्हणता म्हणता ते आपल्या पिकअपकडे पळतच सुटले. वेंडेलकाकांना पळताना मेपल फोर्कने पहिल्यांदाच पाहिलं.

आजीने निकाल दिला : दोघंही नापास. हॉयटने बेडूक खिळ्यावर सोडला म्हणून, आणि लेनीने तो सरकारी इमारतीत नेला म्हणून. "पण तुरुंगात एकटी लेनीच गेली असती," ती म्हणाली, "तेव्हा तिचे गुण आणखी कमी."

शनिवारी शब्द दिल्याप्रमाणे मी आजोबांना मर्लकडे घेऊन गेले. तोंड बंद ठेवून. मर्लने चिठ्ठी लावलेलं पिस्तूल काढून काचेवर ठेवलं. आजोबांनी ते हातातही घेतलं नाही.

"मर्ल," ते म्हणाले, "पाचवा सज्जन दुसरा बघ." आणि बेडकाचा सैल पाय तेवढा बसवून घेतला.

पथकातून मात्र ते बाहेर पडले नाहीत. गुरुवारी गाडीतलं पिस्तूल नातवंडांच्या हाती लागण्याआधी सापडलं, पण त्यानंतर वेंडेलकाकांनी चौघांचीही पिस्तुलं त्या दिवशीच घरच्या तिजोऱ्यांत कुलूपबंद करायला लावली, आणि ती परत खिशात घालण्याआधी प्रत्येकाने आठवडाभर बेडूक बाळगून दाखवायचा असा नियम केला. ते अजून कुणाला जमलेलं नाही. तोवर आजोबा दर रविवारी चर्चच्या दारात उभे असतात. गावातला प्रत्येक माणूस, त्याचा बाप आणि त्याच्या गाडीच्या इंजिनाचा आवाज त्यांना पाठ आहे. अनोळखी माणूस आला की ते त्याचा हात आपल्या फावड्यासारख्या हातात धरून नाव, गाव, गुरं किती, सगळं विचारून घेतात, आणि तो माणूस आत जाईपर्यंत त्याच्या मनात काही वाईट असलंच तर ते विसरलेला असतो. आणि दर थोड्या वेळाने कुणी ना कुणी हाक मारतं, "हॉयट, जरा इकडे ये रे!"

राहता राहिली मी. मला नोकरी लागली. थेल्माबाई म्हणाल्या, बाकीच्या उमेदवारांना जोखमीचं नुसतं ज्ञान होतं, अनुभव मला एकटीलाच होता.

रोज सकाळी मी कोर्टाच्या दारातून आत जाते. तपासणीच्या यंत्राशेजारी नवी पाटी लागलीय, आत काय काय न्यायला मनाई आहे त्याची. पिस्तूल, सुरा, कात्री, काडतुसं, अशी छापील अक्षरं आहेत, आणि सगळ्यात खाली हॉलिसने हाताने लिहिलंय : "बेडूक". लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. पाटी बदलून घ्यावी म्हणून मी चौकशी केली. कळलं, की मंजूर झालेल्या पाटीतला मजकूर सहजासहजी बदलता येत नाही, कारण तिच्यावर जोखीम अधिकाऱ्याची सही असते.

पहिल्याच दिवशी, घाईघाईत, न वाचता मी केलेली.